पवनीचे लेख आणि कोरियाची अक्षरे

भंडारा जिल्ह्यातील एका विहारात रविवारी चालणाऱ्या आमच्या पाली वर्गात गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. कोरियन भाषेच्या प्रारंभिक पात्रता परीक्षेची तयारी ती मोबाइलवरील पाठांच्या आधारे करीत होती. त्यावरून घरी आणि विहारातही तिला टोमणे ऐकावे लागत होते. पाली अजून पुरी झाली नाही, इंग्रजी धड येत नाही, मग ही कोरियन कशाला. मालिकांचे वेड, दुसरे काय, असे लोक म्हणत. "सर, मी धम्मापासून दूर तर जात नाही ना?" असे तिने विचारले. प्रश्न एका मुलीचा असला तरी तो इतिहासाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारेच देण्याचा हा प्रयत्न आहे.

पवनीची साक्ष

आरंभ आपल्याच मातीतून केला पाहिजे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखालील या उत्खननात जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथील प्राचीन स्तूपांचे अवशेष प्रकाशात आले. मौर्यकाळ व त्यानंतरच्या शतकांत या नगरीत सद्धम्माचे केवढे वैभव होते, हे त्यांवरून दिसून येते.

तेथील कठड्यांच्या शिळांवर ज्यांनी दान दिले त्यांची नावे कोरलेली आहेत. लिपी ब्राह्मी आहे आणि भाषा प्राकृत. हे दाते राजे-महाराजेच होते असे नव्हे. त्यांत साधे उपासक व उपासिका आहेत. त्यांनी आपले नाव आपल्या बोलीत दगडावर लिहविले. भंडारा जिल्ह्याच्या भूमीत सामान्य स्त्री-पुरुषांच्या हाती अक्षर दोन हजार वर्षांपूर्वीच आले होते आणि ते धम्माच्या निमित्ताने आले होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

'सकाय निरुत्तिया'

यामागे स्वतः तथागतांचा निर्णय आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या दोन भिक्खूंचा प्रसंग आला आहे. हे दोघे ब्राह्मणकुळात जन्मलेले बंधू होते व त्यांचे उच्चारण शुद्ध होते. नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या निरुक्तीने बुद्धवचन दूषित करीत आहेत, तेव्हा ते छंदात बांधावे, अशी विनंती त्यांनी केली. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. बुद्धवचन छंदात बांधणे हा दुक्कट अपराध ठरविला आणि ते 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोष या शब्दांचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी भाषा असा करतात. अनेक आधुनिक पंडित शिकणाऱ्याची स्वतःची भाषा असा करतात. तक्रार कोणाविरुद्ध होती हे ध्यानात घेतले, तर दुसरा अर्थच आम्हांस ग्राह्य वाटतो. ज्ञानावर एका वर्गाच्या भाषेची मुद्रा उमटू द्यायची नाही, हा त्या निर्णयाचा गाभा आहे.

या निर्णयामुळेच धम्म जेथे गेला तेथे भाषांतर करणारे निर्माण झाले. आणि ज्यास भाषांतर करावयाचे, त्यास परकी भाषा अगदी पहिल्या अक्षरापासून शिकावी लागली. परभाषेची प्रारंभिक परीक्षा ही आपल्या परंपरेला नवी नाही. नवे आहे ते तिचे छापील प्रमाणपत्र.

सिल्लाहून आलेले विद्यार्थी

कोरियात धम्म पोहोचला तो चीनमार्गे. ३७२ मध्ये सुन्दो नावाचा भिक्खू उत्तरेकडील कोगुर्यो राज्यात आला. ३८४ मध्ये मारानान्था नावाचा परदेशी भिक्खू बेकजे राज्यात आला. तो भारतीय होता असे परंपरा मानते. सिल्ला राज्याने सहाव्या शतकात धम्मास राजमान्यता दिली. त्यानंतर उलट प्रवास सुरू झाला. कोरियन भिक्खू भारताची वाट चालू लागले.

चिनी यात्रेकरू इत्सिंग याने धम्मासाठी पश्चिमेकडे गेलेल्या भिक्खूंची चरित्रे लिहून ठेवली आहेत. त्यांत सिल्लाचा आर्यवर्मा आहे. तो सातव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाला, नालंदेत राहिला, ग्रंथांच्या प्रती केल्या आणि मायदेशी परतण्याची इच्छा मनात असतानाच सत्तरी ओलांडून तेथेच निवर्तला. दुसरा ह्येओप. नालंदेत ग्रंथ चाळताना इत्सिंगला एका पोथीखाली नोंद आढळली की, बुद्धांच्या दंतकाष्ठाच्या वृक्षाखाली बसून सिल्लाच्या ह्येओप भिक्खूने हे लिहिले. तोही परत गेला नाही. इत्सिंग स्वतः भारतात येण्यापूर्वी श्रीविजयात सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला होता. अर्थात, पुढे पंडित म्हणून नावाजलेले हे पुरुष एके काळी आपल्या वर्णमालेपुढे अडखळणारे विद्यार्थीच होते.

आठव्या शतकात सिल्लाचाच तरुण भिक्खू ह्येचो समुद्रमार्गे भारतात आला आणि मध्य, दक्षिण, पश्चिम व उत्तर भारत हिंडून मध्य आशियामार्गे ७२७ मध्ये कुचा येथे पोहोचला. त्याच्या प्रवासवृत्ताची खंडित प्रत १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांना तुनहुआंगच्या गुहेत सापडली. मध्य भारतातून दक्षिणेकडे तीन महिन्यांहून अधिक वाट चालल्याचे तो सांगतो. डोंगरातील एका भव्य विहाराची हकीकतही देतो. नागार्जुनाच्या काळी तेथे तीन हजार भिक्खू होते असे त्याने ऐकले. त्याने पाहिला तेव्हा तो ओस पडला होता. आपल्या देशातील धम्माचा ऱ्हास एका कोरियन तरुणाने असा डोळ्यांनी पाहिला व लिहून ठेवला. ते आपल्याकडे कोणी वाचावयाचे?

अठ्ठावीस अक्षरांची क्रांती

आता ज्या लिपीपुढे आमची विद्यार्थिनी बसली आहे, त्या लिपीचा इतिहास पाहू. पंधराव्या शतकापर्यंत कोरियात विद्या म्हणजे चिनी अक्षरांची विद्या होती. हजारो चित्राक्षरे पाठ करण्यास ज्यास सवड व साधन, तोच साक्षर. राजा सेजोंग याने १४४३ मध्ये अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती जाहीर केली. आपल्या देशाची बोली चिनीहून वेगळी आहे, त्यामुळे सामान्य जनांना मनातले सांगावयाचे असूनही सांगता येत नाही, याचे दुःख होऊन ही अक्षरे केली, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे.

उच्चवर्णीय विद्वानांनी यास विरोध केला. छ्वे मान्री याने १४४४ मध्ये राजास निवेदन दिले की, चिनी अक्षरे सोडून स्वतःची अक्षरे करणे हे रानटी लोकांचे लक्षण होय. पुढे १५०४ मध्ये राजाविरुद्ध लोकलिपीत फलक लागले, तेव्हा येओनसान राजाने ही लिपी शिकण्यास व शिकविण्यास बंदी घातली. लोकांच्या हाती अक्षर आले की ते प्रथम जुलमाविरुद्ध वापरले जाते, हे जुलमी लोक बरोबर ओळखतात.

या लिपीचे आपल्याशी दुहेरी नाते आहे. पहिले नाते ध्वनिशास्त्राचे. तिच्या व्यंजनांची मांडणी उच्चारस्थानांनुसार आहे. जिभेचे मूळ, जिभेचे टोक, ओठ, दात, कंठ अशी त्यांची विभागणी असून मूळ अक्षरांचे आकार त्या त्या अवयवांवरून घेतले आहेत. ही विभागणी चिनी ध्वनिशास्त्रातून आली आणि चिनी ध्वनिशास्त्रावर बौद्ध भिक्खूंनी नेलेल्या भारतीय वर्णविचाराचा प्रभाव होता. दुसरे नाते धम्माचे. या लिपीतील अगदी आरंभीच्या मोठ्या ग्रंथांत भगवान बुद्धांचे चरित्र आहे. राणीच्या निधनानंतर राजपुत्र सुयांग याने १४४७ मध्ये ते सिद्ध केले आणि राजाने स्वतः बुद्धांवर गीते रचली. पुढे हाच राजपुत्र सेजो या नावाने राजा झाला. त्याने १४६१ मध्ये सूत्रांच्या प्रकाशनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापिले. सद्धर्मपुण्डरीक, वज्रच्छेदिका यांसारखे ग्रंथ तेथून लोकभाषेत बाहेर पडले. ते राज्य कन्फ्यूशियन विचाराचे होते. भिक्खूंना हीन लेखले जाई आणि राजधानीत त्यांच्या प्रवेशावरची बंदी १८९५ मध्ये उठली. अशा काळातही लोकलिपी व बुद्धवचन एकमेकांच्या आधाराने टिकली.

तराजूची चळवळ

कोरियात खाटीक व कातडे कमावणारे 'बेकजोंग' या नावाने बहिष्कृत मानले जात. १८९४ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, पण व्यवहारात तो राहिला. मुलांना शाळेत प्रवेश नाकारला जाणे हे त्यांचे एक मोठे दुःख होते. एप्रिल १९२३ मध्ये चिंजू या नगरात त्यांनी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना स्थापन केली. तोलून समान करणारा तराजू हे तिच्या नावातच आहे. महाडच्या सत्याग्रहापूर्वी चार वर्षे आशियाच्या दुसऱ्या टोकाला हे घडत होते. बोधिसत्त्व बाबासाहेबांना शाळेत संस्कृतऐवजी पर्शियन घ्यावी लागली. पुढे ते स्वप्रयत्नाने संस्कृत शिकले, पाली शिकले आणि पालीचे व्याकरण व शब्दकोश त्यांनी सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. चिंजूच्या त्या माणसांना बाबासाहेबांची व आपल्या समाजाला त्यांची ओळख झाली नाही, कारण मध्ये भाषेची भिंत होती.

परीक्षा आणि तिची तयारी

'टोपिक' या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रारंभिक भागात श्रवणाचे ३० प्रश्न ४० मिनिटांत व वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत सोडवावयाचे असतात. एकूण गुण २००. ऐंशी गुणांना पहिली श्रेणी, एकशे चाळीस गुणांना दुसरी. पहिल्या श्रेणीस सुमारे आठशे शब्द लागतात. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो.

मराठी भाषकास यात काही सोयी आहेत. 'मी शाळेत जातो' हे वाक्य कोरियनमध्ये 'चोनन हाक्क्योए काम्निदा' असे होते. शब्दांचा क्रम तोच; 'शाळेत' मधील 'त' जसा नामाला चिकटतो, तसा 'हाक्क्योए' मधील 'ए'. क्रियापद शेवटी येते आणि जातो-जाते असा लिंगभेदही नाही. आदराचे तारतम्य क्रियापदात येते; तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्यास ते समजावून सांगावे लागत नाही. अडचणीही आहेत. 'क' आणि 'ख' यांच्या जोडीला घसा आवळून उच्चारावयाचा तिसरा वर्ण आहे. तो कानाने ऐकूनच साधतो. संख्यांच्या दोन माळा आहेत. साडेतीन वाजले हे सांगताना तासाचा तीन 'से' असतो आणि तीस मिनिटांतला तीन 'साम'.

पाली विद्यार्थ्यास आणखी एक सोय आहे. पालीतील थूप कोरियनमध्ये 'थाप' झाला. भिक्खू 'बिगु' आणि भिक्खुनी 'बिगुनी'. शरीरधातू 'सारी', कासाव 'कासा'. क्षण हा शब्द तर चिनीमार्गे जाऊन 'छाल्ना' या रूपाने तेथील नित्याच्या बोलण्यात रुळला आहे. हे शब्द आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा टोमणे मारणारेही वह्या काढून बसले. तयारीची रीतही आपलीच आहे. रोज थोडे, मोठ्याने, समूहाने. याला आपण सज्झाय म्हणतो. एकटी मुलगी मोबाइल कानाला लावून जे सहा महिन्यांत शिकेल, ते चौघी मिळून म्हणू लागल्यास अधिक पक्के होईल.

आमचे उत्तर

भाषा शिकल्याने काय घडते याचे उदाहरण पवनीजवळच आहे. रुयाड येथील महासमाधीभूमीचा महास्तूप २००७ मध्ये जपानी बौद्ध बांधवांच्या साह्याने उभा राहिला. त्यामागे जपानमध्ये तेंदाई परंपरेत शिक्षण घेतलेले भदन्त संघरत्न मानके यांचे परिश्रम होते. २०२३ मध्ये १०८ कोरियन यात्रेकरूंनी सारनाथहून श्रावस्तीपर्यंत ४३ दिवसांची पदयात्रा केली. अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर ते चालले. बुद्धभूमीवर एवढी श्रद्धा असलेल्या या लोकांना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले हे त्यांच्या भाषेत सांगणारी माणसे आपल्यापाशी किती आहेत? आपली कथा आपण सांगितली नाही, तर ती दुसरे सांगतील आणि त्यांना वाटेल तशी सांगतील.

म्हणून त्या विद्यार्थिनीस आमचे उत्तर असे : मुली, तू धम्मापासून दूर जात नाहीस. आर्यवर्मा व ह्येओप ज्या वाटेने आले, त्याच वाटेने तू उलट निघाली आहेस. मात्र पाली सोडू नकोस. तेथे गेल्यावर सांगण्यासारखे तुझ्यापाशी काही असले पाहिजे. नोकरी मिळाली तर उत्तमच; बहिष्कृतांच्या मुलीने पोटासाठी विद्या घेणे हा अधर्म नव्हे.

आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. परीक्षा केंद्रे मोठ्या शहरांत असतात. शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपत नाही. वर्षावासातील दानाचा काही भाग यासाठी राखून ठेवावा. संध्याकाळी विहाराचा एक कोपरा व एक दिवा या मुलामुलींना मोकळा करून द्यावा. पवनीच्या उपासिकांनी स्तूपाच्या कठड्यासाठी शिळा दिल्या. आपण एका मुलीच्या परीक्षेचे शुल्क द्यावे. ते दान त्या दानाहून लहान नाही.