संशोधन व प्रकाशन नीती

पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेला सक्तीचा अभ्यासक्रम. २ श्रेयांक, ३० तास. आयोगाने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. २०२२ च्या पीएचडी विनियमांतही कोर्सवर्कचा भाग म्हणून तो कायम राहिला. विद्यार्थी त्याला ‘आरपीई’ म्हणतात.

या अभ्यासक्रमाच्या मुळाशी छापण्याची सक्ती आहे. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या शोधनिबंधांवर मिळणाऱ्या गुणांशी जोडल्या गेल्या. २०१६ च्या विनियमांतही पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे बंधनकारक होते. मागणी इतकी वाढल्यावर पैसे घेऊन, कोणतीही तज्ज्ञ तपासणी न करता काहीही छापणारी नियतकालिके निघाली. ती आयोगाच्या मान्य यादीतही शिरली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने या यादीत आलेली १,००९ नियतकालिके तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली, आणि नोव्हेंबरमध्ये मान्य नियतकालिकांच्या यादीसाठी ‘केअर’ ही नवी व्यवस्था जाहीर केली. तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. पटवर्धन त्या काळात आयोगाचे उपाध्यक्ष होते. आरपीई याच प्रयत्नांतून आला.

अभ्यासक्रमाचे सहा घटक आहेत. प्रकाशननीतीला ७ तास, खुल्या प्रकाशनाला ४, प्रकाशनातील गैरप्रकारांना ४ आणि माहितीसंच व प्रभावांक यांना ७ तास दिले आहेत. तत्त्वज्ञान, नीतिविचार आणि वैज्ञानिक आचरण यांच्यासाठी मिळून ८ तास उरतात. न केलेल्या प्रयोगाची आकडेवारी रचणे, हाती आलेले आकडे फिरवणे, दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणे, एकाच कामाचे तुकडे करून अनेक निबंध काढणे, गैरसोयीचे निष्कर्ष दडवणे, हे सगळे विषय त्या आठ तासांत बसवावे लागतात. प्रत्यक्ष काम न केलेल्याचे नाव लेखकांत घालू नये, हेही शिकवले जाते. पण मार्गदर्शकानेच तसा आग्रह धरला तर नव्या विद्यार्थ्याने काय करावे, यावर वर्गात मोकळेपणाने बोलले जायला हवे. ज्याची सही मिळाल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही, त्याला नाही म्हणणे सोपे नसते.

वाङ्मयचौर्याचे नियम मात्र अगदी नेमके आहेत. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. यामुळे टक्केवारी खाली आणणे हेच अनेकांचे ध्येय झाले आहे. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द दाखवते. चोरी झाली की नाही, हे वाचणाऱ्या माणसाने ठरवायचे असते. चार टक्के साम्याच्या प्रबंधाचा मुख्य सिद्धान्त उचललेला असू शकतो, आणि कायद्यावरील प्रबंधात कलमे जशीच्या तशी दिल्याने आकडा वाढू शकतो. मराठी प्रबंधांच्या बाबतीत चोरी नजरेआड राहण्याचा धोका अधिक आहे, कारण इंग्रजी पुस्तकातले प्रकरण भाषांतर करून नाव न देता वापरले तर शब्द जुळवणारी तपासणी ते सहसा पकडत नाही. तिथे मार्गदर्शकाचे वाचनच कामी येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. त्यामुळे बनावट नियतकालिक ओळखायला शिकवणाऱ्या भागाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

या अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे ज्यांच्यावर संशोधन होते त्या माणसांसाठी त्यात स्वतंत्र घटक नाही. आरोग्य संशोधनाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ चे औषधचाचणी नियम लागू आहेत. नियमांनुसार नीतिसमितीत किमान ७ सदस्य आणि त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात. एवढी काळजी का घ्यायची, हे एचपीव्ही लसीच्या प्रकल्पाने दाखवून दिले. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकल्पावर कठोर टीका केली.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा भाषाविज्ञान यांचे विद्यार्थीही पाड्यांवर, वस्त्यांत, शाळांत जाऊन लोकांकडून माहिती घेतात. मुंबईतील अभ्यासक आणि कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी २००० सालीच नीतितत्त्वे तयार झाली होती. संमती बोलीत समजावून घ्यावी, नकार देणाऱ्याचे काही नुकसान होऊ नये, छोट्या गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो हे लक्षात ठेवावे, अशा गोष्टी क्षेत्रकार्यावर निघण्याआधी शिकवायच्या असतात. आज ते शिक्षण विभागप्रमुखाच्या आणि मार्गदर्शकाच्या आस्थेवर अवलंबून आहे. ते ३० तासांच्या आत आले पाहिजे, आणि त्यासाठी प्रभावांकांचे काही तास कमी करायला हरकत नाही.