तेलावर चालणारे गिअर

पाबे घाटाच्या चढावर माझ्या पंधरा वर्षांच्या एसयूव्हीचे इंजिन ओरडू लागले. गाडी मात्र पुढे सरकेना. वेल्ह्यातून एकजण टोचन लावायला आला, पण भोरच्या मेकॅनिकने फोनवरच थांबवले. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरली तर गिअरबॉक्स आत कोरडाच फिरतो. गाडी उचलून भोरला न्यावी लागली. तेल काळे पडले होते, करपल्याचा वास येत होता.

तेव्हापासून मी या यंत्राच्या इतिहासामागे लागलो. त्याचे मूळ सापडले जहाजात. टर्बाइन फार वेगाने फिरते, पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. हा मेळ वाहत्या द्रवाने घालण्याची युक्ती जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. पेटंटसाठी अर्ज १९०५ चा. मोटारीत ऑटोमॅटिक गिअर रुळले ते जनरल मोटर्सच्या १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून, आणि महायुद्धात तेच अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसले.

दोन चक्रांच्या वेगात जितकी तफावत, तितके तेल तापते. समुद्रावर गती एकसारखी असते. घाटात प्रत्येक वळणाला ती मोडते. मी मात्र वर्षानुवर्षे दांडा ‘डी’वर टाकून निर्धास्त. तेल आयुष्यभर पुरेल, असे विकणाऱ्याने सांगितले होते. कोणाच्या आयुष्यभर, हे मी विचारले नव्हते.

दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला भिडला आहे. गाडी अजून भोरलाच उभी आहे.