हातमोज्याची परीक्षा

रबरी हातमोजा दिसला की आपल्याला शस्त्रवैद्य आठवतो, आणि तो जंतूंच्या भयाने निघाला असावा असे आपण समजून चालतो. इतिहास निराळे सांगतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिका होत्या. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने त्यांच्या हातांची त्वचा सोलवटून निघू लागली. तेव्हा 1889-90 च्या हिवाळ्यात हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. रोग्याचा विचार मागाहून आला. पहिला विचार राबणाऱ्या हाताचा होता.

मग रबराने पाऱ्याला जिंकले, असे म्हणावे काय? त्याचे उत्तर शंभर वर्षांनी मिळाले आणि ते फार महाग पडले.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. जड धातूंची विषबाधा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. 14 ऑगस्ट 1996 रोजी डायमिथिल मर्क्युरी या द्रवाचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर सांडले. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात त्या काम करीत होत्या आणि हातात लेटेक्सचे हातमोजे होते. निष्काळजीपणा कोठेच नव्हता. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, वाचा अडखळू लागली आणि 8 जून 1997 रोजी अवघ्या 48 व्या वर्षी त्या निवर्तल्या. नंतरच्या परीक्षेत आढळले की, हा द्रव त्या हातमोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत आरपार जातो.

याच संयुगाने 1865 साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतही बळी घेतला होता. म्हणजे विष ठाऊक होते. हातमोज्याची मर्यादा मात्र ठाऊक नव्हती. पाण्यातील क्षाराला रबर अडवते, पण हा तेलकट द्रव रबरातच विरघळतो आणि भोक न पाडता पलीकडे पोचतो. त्या घटनेनंतर अशा कामासाठी अनेक थरांच्या प्लॅस्टिकचा हातमोजा आत आणि जाड, लांब बाह्यांचा हातमोजा त्यावर, अशी शिफारस करण्यात आली.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवील. वाफ अडवणार नाही. त्यांपैकी कित्येकांजवळ तर योग्य साधन नव्हतेच.

तात्पर्य, ‘हातमोजे घातले का?’ हा प्रश्न अपुरा आहे. पदार्थ कोणता, तो टाळता येईल का, टळत नसेल तर हे साधन त्याला किती वेळ अडवील, असे क्रमाने विचारले पाहिजे. आणि ते विचारण्याचे ओझे फवारणाऱ्या मजुरावर टाकून आम्हांस मोकळे होता येणार नाही. ज्याने काम सांगितले, त्यानेच प्रथम उत्तर दिले पाहिजे. हॉल्स्टेड यांनी निदान एवढे केले होते.