चार दिवसांचा सोहळा, दीडशे वर्षांची वाटचाल

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सिएरा ब्लांका पर्वताच्या आसऱ्याने मेस्कलेरो अपाचींचे राखीव क्षेत्र आहे. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला तिथे माणसांची रीघ लागते. निमित्त असते वयात आलेल्या मुलींचे. चार दिवस आणि चार रात्री गाणी, नाच, जेवणावळी चालतात. या सोहळ्याला ना नोंदणी क्रमांक, ना छापील घटना. तरी संस्था चालायला जे लागते ते सगळे त्याच्यापाशी आहे: ठरलेले मानकरी, वाटून घेतलेली कामे, पुढच्या पिढीकडे सोपवायची विद्या आणि खर्चाला खांदा देणारे गणगोत. म्हणून त्याची वाटचालही संस्थेसारखीच मांडता येते.

पाया

अपाचींच्या आदिकथेत श्वेतरंगी स्त्री आहे. तिच्या मुलाने, जलपुत्राने, माणसे खाणारे राक्षस मारले आणि पृथ्वी राहण्याजोगी केली. ती म्हातारी झाली की पूर्वेकडे चालू लागते, समोरून तिचेच तरुण रूप येते आणि दोघी एक होतात, असे सांगतात. पहिली पाळी आलेली मुलगी या चार दिवसांत हीच श्वेतरंगी स्त्री होते, ही सोहळ्यामागची श्रद्धा.

दोन माणसांवाचून काही हलत नाही. एक गायक, म्हणजे हरणाच्या खुरांचा खुळखुळा वाजवत विधीची गाणी म्हणणारा जाणकार पुरुष. दुसरी मुलीची पाठराखीण, म्हणजे तिला शिकवणारी, सजवणारी, सांभाळणारी अनुभवी बाई. पहिल्या दिवशी पहाटे पाठराखीण मुलीचे केस युक्काच्या मुळांच्या, रिठ्यासारख्या फेसाने धुते आणि तिला पिवळ्या रंगवलेल्या हरणाच्या कातड्याचा पोशाख चढवते. तिकडे पुरुष गाण्यांच्या साथीने मोठा शंकूच्या आकाराचा तंबू उभारतात. त्याचे चार मुख्य वासे चार दिशांचे. मग मुलीच्या चेहऱ्यावर पाणकणसाचे पिवळे पराग लावतात. तिला कातड्यावर पालथे निजवून पाठराखीण तिचे अंग चोळते, ताठ आणि बळकट घडवते. त्यानंतर मुलगी पूर्वेला ठेवलेल्या टोपलीला वळसा घालून धावत येते. असे चार वेळा होते आणि दर वेळी टोपली जवळ आणून ठेवतात.

रात्री बाहेर होळी पेटते आणि मुखवटे घातलेले पर्वतदेव नाचतात. तंबूत मुलगी गायकाच्या गाण्यांवर नाचत राहते. शेवटच्या रात्री तर थेट उजाडेपर्यंत. या दिवसांत तिने ओठ न भिजवता नळीने पाणी प्यायचे, अंग नखाने न खाजवता काडीने खाजवायचे, उगाच हसायचे-खिदळायचे नाही. या दिवसांत ती जशी वागेल तशी जन्मभर राहील, असे मानतात. नियम कडक, पण मान त्याहून मोठा: म्हातारी माणसे, आजारी माणसे, लेकुरवाळ्या बाया रांगेने येतात आणि या पोरीच्या हातून परागांचा आशीर्वाद घेतात.

बंदी आणि पळवाट

१८६० च्या दशकात अमेरिकी सैन्याने मेस्कलेरोंना बॉस्के रेडोंडोच्या छावणीत कोंडले. नोव्हेंबर १८६५ मध्ये एका रात्री ते तिथून निसटून डोंगरांत पसार झाले. १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने त्यांना राखीव क्षेत्र मिळाले, पण हुकूम चालायचा सरकारी एजंटाचा. १८८३ मध्ये सरकारने ‘इंडियन गुन्ह्यां’ची संहिता काढली. त्यानुसार पारंपरिक नाच आणि वैदूंचे विधी गुन्हे ठरले; शिक्षा म्हणून शिधा बंद किंवा कैद. आदिवासींनी ‘सुधारावे’ असा त्यामागचा हेतू होता.

मेस्कलेरोंच्या सोहळ्याला मोकळीक उरली ती ४ जुलैच्या सुमारास, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. देशाचा सण म्हणून जमायला कुणाची हरकत नव्हती. मेस्कलेरोंनी ती तारीख पकडली. पूर्वी मुलीला पाळी आली की घरचे तयारीला लागत. आता वर्षभरात वयात आलेल्या मुलींचा सोहळा एकत्र होऊ लागला. ज्या सरकारने नाच बंद केले, त्याच्याच सणाच्या आडोशाने नाच टिकला.

चिरिकाहुआ अपाचींची कथा आणखी बिकट. त्यांच्यातल्या लढवय्या जेरोनिमोने १८८६ मध्ये शरणागती पत्करल्यावर त्याच्यासह सारी टोळी युद्धकैदी झाली आणि फ्लोरिडा, अलाबामा करत ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला पोचली. तिथे कैदेत असतानाच, सप्टेंबर १९०५ मध्ये, जेरोनिमोने आपली मुलगी ईव्हा वयात आल्याचा सोहळा केला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्याने तो आवर्जून नोंदवला. सत्तावीस वर्षे कैदेत काढलेल्या चिरिकाहुआंपैकी १८७ जण १९१३ मध्ये मेस्कलेरोला येऊन राहिले. मेक्सिकोतून आलेले लिपान अपाची तिथे त्याआधीच स्थिरावले होते. आता तीन शाखा एका डोंगराखाली आल्या आणि या विधीचे वळण तिघींच्याही ओळखीचे होते.

उघड्यावर

१९३४ मध्ये आदिवासी कारभाराचे आयुक्त जॉन कॉलिअर यांनी परिपत्रक काढून धर्मविधींवरची आडकाठी दूर केली. १९३६ मध्ये मेस्कलेरोंनी आपली लिखित घटना स्वीकारली आणि कारभार हळूहळू निवडलेल्या मंडळाकडे आला. मानववंशशास्त्रज्ञ मॉरिस ऑप्लर यांनी वृद्ध अपाचींकडून ऐकलेला या विधीचा तपशील त्यांच्या १९४१ च्या ग्रंथात आला. वेंडेल चिनो यांच्या दीर्घ नेतृत्वाखाली जमातीने १९७५ मध्ये स्वतःचे मोठे हॉटेल उभारले. आदिवासींच्या धार्मिक स्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा यायला मात्र १९७८ उजाडले.

बंदी उठली तरी जुलैची तारीख राहिली. आज जमातीच्या सार्वजनिक सोहळ्याबरोबर रोडिओ आणि मिरवणूकही असते. ज्यांना जमते ती कुटुंबे स्वतंत्रपणे, सवडीच्या दिवशी विधी करतात. घरचे वर्ष-दोन वर्षे पैसा साठवतात. ओकच्या फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात चुली पेटतात आणि येईल त्याला जेवण मिळते. नातलग जनावरे, धान्य, कष्ट असे जमेल ते घेऊन येतात.

मराठी वाचकाला इथे न्हाणाचे मखर आठवेल. आपल्याकडेही पहिल्या न्हाणाला मुलीला सजवत, ओटी भरत, गोडाधोडाचे करत. पण बालविवाहाच्या काळात हा सोहळा लग्न झालेल्या मुलीचा होता आणि त्याच्या पाठोपाठ गर्भाधान येत असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा विरोधकांचा मुख्य आक्षेप गर्भाधानात अडथळा येतो हाच होता. लग्नाचे वय वाढले तशी मखराखालची जमीन सरकली, आणि ते बरेच झाले. अपाचींकडेही सोहळ्यानंतर मुलगी लग्नाजोगी ठरत असे. पण सोहळ्यात नवऱ्याला जागाच नव्हती. त्यामुळे लग्नाचे वय वाढले, मुली शाळा-कॉलेजात गेल्या, तरी सोहळ्याचे प्रयोजन शाबूत राहिले.

असे विधी इतर जमातींतही आहेत. शेजारच्या नॅव्हाहोंकडे ‘किनाल्डा’त मुलगी मक्याचे पीठ दळते आणि जमिनीत खड्डा करून रात्रभर भाजलेला भलामोठा केक सगळ्यांना वाटते. कॅलिफोर्नियातल्या हूपा जमातीत ‘फुलांचा नाच’ खंडित झाला होता. तिथल्या बायकांनी तो २००१ मध्ये पुन्हा सुरू केला. मेस्कलेरोंवर तशी वेळ आली नाही, कारण त्यांनी दुवा तुटू दिला नाही.

हा दुवा माणसांच्या स्मरणात आहे. गायकाला क्रमवार गाणी मुखोद्गत लागतात, पाठराखिणीला अंग चोळण्यापासून पथ्यापर्यंत सगळे आधी स्वतः शिकावे लागते. हॉटेलच्या उत्पन्नातून मांडवाचा खर्च निघेल, पण गाणारा कंठ तयार व्हायला कुणा तरुणाला वर्षानुवर्षे जाणत्या गायकाजवळ बसावे लागते. पुढची वाटचाल किती लांबेल, ते अशा तरुणांच्या संख्येवर ठरणार आहे.