हस्तघडित सुरी

कारखान्यात एकाच नमुन्याच्या असंख्य प्रती न काढता एका कारागिराने स्वतः आखून व घडवून, बहुधा विशिष्ट ग्राहकाच्या मागणीनुसार तयार केलेली सुरी. सुरी हे मानवाचे अतिप्राचीन हत्यार असले, तरी ‘हस्तघडित’ हे विशेषण यंत्रयुगानंतरच अर्थपूर्ण ठरले. तत्पूर्वी सर्वच सुऱ्या हातांनी घडविल्या जात. यांत्रिक उत्पादनामुळे सुऱ्या स्वस्त व मुबलक झाल्या आणि लोहाराकडून सुरी घडवून घेण्याची प्रथा मागे पडली. विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या कलेचे पुनरुज्जीवन झाले. सुरीचे सौंदर्य आणि तिची कार्यक्षमता ही दोन मूल्ये परस्परांपासून वेगळी न मानणे, हे या पुनरुज्जीवनाचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर डोन (बो) रँडल (१९०९–८९) यांनी मिशिगन राज्यातील एका सरोवराकाठी एका माणसाला नावेवरील जुना रंग सुरीने खरवडताना पाहिले. एवढ्या रांगड्या वापरानंतरही पात्याला इजा झालेली नव्हती. ती सुरी मिशिगनमधील कारागीर विल्यम स्केगेल यांनी घडविलेली होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन रँडल स्वतः सुऱ्या करू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडून त्यांच्या सुऱ्यांना मोठी मागणी आली. पुढे रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) या तरुण खलाशाला रँडल सुरीसाठी अनेक महिने थांबावे लागेल, असे दुकानात सांगण्यात आले. तेव्हा त्याने जुन्या मोटारगाडीच्या कमानीच्या पोलादापासून स्वतःच सुरी केली. टोकाकडे हलकेच उतरत जाणारी पाठ असलेली त्यांची शिकारीची सुरी पुढे अनेकांनी आदर्श मानली. १९७० मध्ये नाइफमेकर्स गिल्ड ही कारागिरांची संघटना स्थापन झाली.

लव्हलेस पोलादाच्या पट्टीतून नको असलेला भाग घासून काढीत व पात्याला आकार देत. याउलट मेरिलँडमधील विल्यम मोरान (१९२५–२००६) हे भट्टी, ऐरण व हातोडा यांच्या परंपरेचे अभिमानी होते. भिन्न प्रकारच्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव करावयाचे व त्यांची वारंवार घडी घालावयाची, या पद्धतीने घडविलेली नक्षीदार ‘दमास्कस’ पाती त्यांनी १९७३ मध्ये गिल्डच्या प्रदर्शनात मांडली. ही कृती गुप्त न ठेवता त्यांनी ती इतर कारागिरांना मोकळेपणाने सांगितली. १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली व १९८८ मध्ये आर्कॅन्सॉ राज्यातील वॉशिंग्टन या गावी तिचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले.

दमास्कस या नावाचा मूळ संबंध मात्र निराळ्या पोलादाशी आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे वुट्झ पोलाद पश्चिम आशियात जाई व त्यापासून पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या तलवारी बनत. तेलंगणातील कोनसमुद्रम हे या पोलादाचे एक प्रसिद्ध केंद्र होते. वुट्झमधील नक्षी थरांच्या घड्यांमुळे नव्हे, तर कार्बाइडाच्या सूक्ष्म कणांच्या पट्ट्यांमुळे उमटते. ही विद्या एकोणिसाव्या शतकात लुप्त झाली. १९९० नंतरच्या दशकात लोहार आल्फ्रेड पेंड्री व धातुवैज्ञानिक जॉन व्हर्होव्हन यांनी प्रयोगान्ती अशी पाती पुन्हा घडविली. धातुकातील व्हॅनेडियमासारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश या नक्षीस कारणीभूत असतो, असे त्यांनी दाखविले.

पात्याची घडण : पात्याची धार कठीण हवी, म्हणजे ती टिकते, परंतु संपूर्ण पाते कठीण केल्यास ते ठिसूळ होऊन मोडते. या विरोधाचा परिहार करणे, हेच कारागिराचे मुख्य कौशल्य. घडविलेले पाते सु. ८००° से. पर्यंत तापवितात. सु. ७७०° से. च्या वर पोलादास चुंबक चिकटत नाही. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कारागिराला ही खूण उपयोगी पडते. नंतर पाते तेलात बुडवून एकदम थंड करतात. मराठीत या क्रियेस पाणी देणे म्हणतात. याने आलेला ठिसूळपणा घालविण्यासाठी पाते पुन्हा सु. २००° से. पर्यंत तापवितात. शेवटी पाठीचा भाग ज्योतीने अधिक तापवून चिवट केला जातो. या वेळी धारेकडील भाग पाण्यात ठेवून थंड राखता येतो.

कसोटी : सोसायटीच्या सदस्याला वरची पायरी गाठण्यासाठी स्वतः घडविलेल्या एकाच सुरीने चार परीक्षा द्याव्या लागतात. तिचे पाते सु. २५ सेंमी. पेक्षा लांब नसावे, असा नियम आहे. सु. २·५ सेंमी. जाडीची, मोकळी लोंबती दोरी एकाच फटक्यात तोडणे, ही पहिली परीक्षा. तीत धारेची तीक्ष्णता व पात्याचा छेद पारखला जातो. त्यानंतर इमारती लाकडाचा वासा दोनदा तोडतात. मग त्याच धारेने हातावरील केस साफ कापून दाखवावे लागतात. अखेरीस पाते शेगड्यात पकडून ९०° पर्यंत वाकवितात. धारेला मर्यादित तडा चालतो, पाते मोडता कामा नये. यानंतर वेगळ्या पाच सुऱ्या परीक्षकांपुढे मांडावयाच्या असतात. त्यांत प्रमाणबद्धता, पाते व मूठ यांच्या जोडातील निर्दोषपणा आणि अखेरची सफाई पाहिली जाते. सर्वोच्च पायरीसाठी किमान ३०० थरांच्या दमास्कस पात्यावर हीच कसोटी द्यावी लागते.

मूल्यमापन : कसोटीस उतरलेली सुरी त्याच कसोटीत निकामी होते. ग्राहकाच्या हाती येणारी सुरी कधीही वाकविलेली नसते आणि पाणी देण्यात राहिलेली चूक झिलईखाली झाकली जाते. म्हणून जाणकार केवळ मुठीची नक्षी वा थरांची रेखाकृती पाहून निर्णय देत नाहीत. धारेमागील पात्याची जाडी, हातातील तोल, दीर्घकाळ काम करूनही न दुखणारी मूठ आणि पुन्हा सहज धार लावता येणे, हे गुण ते वापरातून पारखतात. उरलेला भाग विश्वासाचा असतो. तो विश्वास कारागिराने आधी मोडून पाहिलेल्या सुऱ्यांवर उभा असतो.