बाळसे आणि यौवनलोपी ग्रंथी

पोर अंगाने भरलेले दिसले की आपल्या नागपूर-वऱ्हाडात म्हणतात, "खात्यापित्या घरचं आहे." अंगावर चरबी म्हणजे रोगाशी झुंजायला बळ, असा हा हिशेब. तो निम्माच खरा आहे, हे कळायला विज्ञानालाही बराच काळ लागला.

छातीच्या हाडामागे एक मऊ ग्रंथी असते. वयाबरोबर ती झिजत जाते, म्हणून मराठीत तिचे नाव यौवनलोपी. नाव मोठे गोड, पण तिचे काम काय, हे १९६१ पर्यंत कोणाला नीटसे ठाऊक नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा ती पिल्ले पुढे खंगून रोगाने मरू लागली. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी इथेच तयार होतात. शरीराच्या शिपायांचा आखाडाच म्हणा ना!

उपासमारीत हा आखाडा ओस पडतो. १९९३ पासून मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा राज्यभर झाली. कुपोषित मूल साध्या न्यूमोनियाने, हगवणीने दगावते, त्यामागे हेही एक कारण असते. पण उपासाची वर्दी ग्रंथीला देतो कोण? १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिनचा शोध लागला. हे संप्रेरक रक्तात सोडते ती खुद्द चरबी. चरबी आटली की लेप्टिनही आटते. १९९९ मध्ये उपाशी उंदरांना लेप्टिन टोचून पाहिले, तर ग्रंथीची झीज टळली.

मग चरबी जितकी जास्त तितके बरे काय? तसेही नाही. २००९ मध्ये दिसले की लठ्ठ केलेल्या उंदरांची ग्रंथी अकाली म्हातारी होते आणि नव्या टी-पेशी घटतात. लठ्ठ माणसांतही त्या कमीच आढळल्या. लठ्ठाच्या रक्तात लेप्टिन तर भरपूर असते. पण रोज दवंडी पिटणाऱ्या कोतवालाकडे गाव लक्ष देईनासे होते, तशी शरीराची गत होते.

आणि लठ्ठ कोणाला म्हणायचे? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांची व पुढे त्यांच्या बाळांची पाहणी केली. बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. हडकुळे बाळही आतून चरबीचे असू शकते. अंगणवाडीतल्या काट्यावर दिसतात ते नुसते किलो.