जैवकृत्रिम यकृत आणि रुग्णाचा प्लाझ्मा : एका प्रयोगपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

२०१५ साली इंदूर शहरात प्रथमच ग्रीन कॉरिडॉर करून मेंदूमृत दात्याचे यकृत विमानतळावर नेण्यात आले व तेथून ते गुडगावला पोहोचले. महू छावणी इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर आहे. या परिसरातील एखाद्या रुग्णाचे यकृत अचानक निकामी झाले, तर दाता मिळेपर्यंतचे दिवस कसे निभवायचे, हा खरा प्रश्न असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसचा आधार मिळतो. यकृताच्या रुग्णासाठी तितका भरवशाचा आधार अद्याप उभा राहिलेला नाही. असे का झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

यकृत रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करते. त्याशिवाय ते अल्ब्युमिन व रक्त गोठविणारे घटक तयार करते आणि अमोनियाचे युरियात रूपांतर करते. त्यामुळे केवळ गाळणी पुरेशी ठरत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाने १९७४ मध्ये कोळशावरून रक्त फिरविण्याची पद्धत वापरली, परंतु त्याच संस्थेच्या १९८८ मधील नियंत्रित चाचण्यांत तिचा लाभ सिद्ध झाला नाही.

जिवंत यकृत वापरण्याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. १९६५ मध्ये अमेरिकेत आइझमन व सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त डुकराच्या यकृतातून फिरविले. १९६९ मध्ये बेरी व फ्रेंड यांनी कोलॅजिनेझ या विकराच्या साहाय्याने उंदराच्या यकृतातील पेशी सुट्या करण्याची पद्धत दिली. तेव्हापासून संपूर्ण अवयवाऐवजी पेशी वापरणे शक्य झाले. १९८७ मध्ये जपानच्या मात्सुमुरा यांनी सशाच्या यकृतपेशी असलेले उपकरण एका रुग्णावर वापरले.

भारतात याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले गेले. हैदराबादच्या डेक्कन कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सी. एम. हबीबुल्ला व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मानवी भ्रूणाच्या यकृतपेशी ७ रुग्णांच्या उदरपोकळीत सोडल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. येथे यंत्र नव्हते. पेशींना रुग्णाच्या शरीरातच राहून काम करायचे होते.

प्लाझ्माचा प्रश्न

यंत्रात असो वा शरीरात, या पेशींना आजारी माणसाच्याच रक्तद्रवाच्या सान्निध्यात जगावे लागते. रुग्णाच्या प्लाझ्मात अमोनिया, पित्ताम्ले, बिलिरुबिन व दाहकारक सायटोकाइन्स साचलेली असतात. १९७६ मध्येच ह्यूज, विल्यम्स व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा प्लाझ्मा सशाच्या सुट्या यकृतपेशींना घातक ठरतो का, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पेशी परक्या प्राण्याच्या असतील, तर मानवी प्लाझ्मातील प्रतिपिंडे व पूरक प्रथिने त्यांच्यावर हल्ला करतात. २००२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांना असे आढळले, की यकृत निकामी झालेल्या डुकरांवर उपचार करताना उपकरणातील पेशींचीच कार्यक्षमता घटते. म्हणजे ज्याला बरे करायचे, त्याचाच रक्तद्रव उपचाराचे साधन दुबळे करीत होता.

बॉस्टनमधील यारमुश, टॉम्पकिन्स, टोनर व सहकाऱ्यांच्या संशोधनाने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. निरोगी माणसाच्या प्लाझ्मातही उंदराच्या यकृतपेशींमध्ये चरबी साठत होती. युरिया व अल्ब्युमिनची निर्मिती मंदावत होती. म्हणजे दोष केवळ विषाचा नव्हता. प्रयोगशाळेतील पोषकद्रवात इन्सुलिन भरपूर असते. त्यात वाढलेल्या पेशी एकदम प्लाझ्मात गेल्या, की त्यांचा चयापचय बिघडतो. आधी इन्सुलिन शरीरातील पातळीवर आणून पेशींना सवय लावली आणि प्लाझ्मात अमिनो आम्लांची भर घातली, तेव्हा चरबी कमी झाली व निर्मिती सुधारली.

रुग्णालयातील कसोटी

हेपॅटअसिस्ट या उपकरणात प्लाझ्मा आधी कोळशावरून व प्राणवायू पुरविणाऱ्या यंत्रातून नेला जाई. त्यानंतर तो डुकराच्या सुमारे ७०० कोटी यकृतपेशींपर्यंत पोहोचे. डेमेट्रिओ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १७१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. ३० दिवसांनंतर उपकरण वापरलेल्या गटातील ७१ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६२ टक्के रुग्ण जिवंत होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्टीने पुरेसा ठरला नाही. ईलॅड या उपकरणात मानवी यकृतार्बुदापासून मिळविलेल्या सी३ए पेशी होत्या. या पेशी प्रयोगशाळेत सहज वाढतात, मात्र अमोनियाचे युरियात रूपांतर करण्यात त्या कमी पडतात. मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णांवरील त्याची मोठी चाचणीही २०१८ मध्ये अपयशी ठरली.

समारोप

या अर्धशतकात पेशी कोणाच्या घ्यायच्या व किती घ्यायच्या, याचीच चर्चा अधिक झाली. त्या कोणत्या द्रवात जगणार आहेत, हा प्रश्न मागे राहिला. पोषकद्रवात उत्तम काम करणारी पेशी रुग्णाच्या प्लाझ्मात तसेच काम करील, हे गृहीतक अपुरे होते. जीवशास्त्राच्या अध्यापकांना या इतिहासातून विद्यार्थ्यांपुढे एक साधे सूत्र ठेवता येईल : पेशीचे गुण तिच्या परिसरापासून वेगळे काढून तपासता येत नाहीत. यंत्राची परीक्षा अखेर आजारी माणसाच्या रक्तातच होते. महू-इंदूरच्या रुग्णाला जे काही दिवस हवे आहेत, ते याच परीक्षेच्या निकालावर अवलंबून आहेत.